करपलेल्या दुधाचा वास

ग्लासच्या तळाशी, अगदी मधोमध नाही, जरा डावीकडे, एका जागेवरून बुडबुड्यांची एकच सरळ रेघ वर येत होती. बाकी बिअर शांत होती. असं दिसतं तेव्हा त्या जागी काहीतरी असतं. काचेवरचा ओरखडा, पुसलेल्या फडक्याचा धागा, पाण्यातला क्षाराचा कण. ते डोळ्यांना दिसत नाही. तिथून बुडबुडे सुटत राहतात, म्हणून आहे एवढं कळतं. मी ग्लास दिव्याकडे धरून ती रेघ फेसापर्यंत जाताना पाहिली आणि मग ग्लास नाकाशी आणला.

आधी केळं आलं, सालीवर काळे ठिपके पडलेलं. त्याच्यामागून लवंग. गव्हाच्या बिअरमध्ये हे दोन्ही यायलाच हवेत. यीस्ट नीट वाढलं असलं की येतात. आणि त्यांच्याही मागून, अगदी स्पष्ट, करपलेल्या दुधाचा वास आला.

मी ग्लास खाली ठेवला. तळवा टेबलावर सपाट दाबून धरला.

बिअरच्या परीक्षणात एक नियम सगळ्यांत कडक असतो. टेबलावरच्या सगळ्यांचे गुण कागदावर उतरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. नाक मुरडायचं नाही, भुवई उचलायची नाही, नुसता हुंकारही द्यायचा नाही. वासाइतकी दुसऱ्याच्या शब्दाला भुलणारी गोष्ट नाही. एकाने मका म्हटलं की बाकीच्यांच्या ग्लासात उकडलेला मका शिजायला लागतो. नव्या परीक्षकांना हा नियम मीच शिकवत असे. त्या दिवशी तो मोडावा असं मला पहिल्यांदा वाटलं. समोरच्या दोघांना विचारावंसं वाटलं, तुम्हालाही येतोय ना?

हॉल पुण्यात मुंढव्याच्या एका हॉटेलातला होता. एरवी तिथे बारशी आणि साखरपुडे व्हायचे. स्पर्धेसाठी आयोजकांनी उदबत्त्या, फुलं, रूम फ्रेशनर सगळं बाहेर काढलं होतं. सकाळी हॉटेलातली एक मुलगी मोगऱ्याचा गजरा माळून पाण्याचे जग ठेवायला आली, तेव्हा सरपोतदारांनी तिला हात जोडून सांगितलं, की पोरी, गजरा फार सुंदर आहे, पण तू आत आलीस की आमच्या सगळ्या बिअर मोगऱ्याच्या होतात. ती हसत बाहेर गेली आणि पुन्हा आलीच नाही. पाणी रॉयस्टनला आणावं लागलं. मी स्वतः साबणही साधा वापरून आले होते आणि केसांचा घट्ट अंबाडा घातला होता. तेव्हा माझे केस लांब होते.

सरपोतदार आमच्या टेबलाचे प्रमुख. माल्टच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून आयुष्य गेलेलं, निवृत्त, सगळ्यांशी अघळपघळ बोलणारे, पण ग्लास हातात आला की देवापुढे बसल्यासारखे गप्प. रॉयस्टन डाबरे वसईचा, तिशीतला, स्वतः बिअर बनवणारा. पहिल्यांदा परीक्षक झाला तेव्हा वास ओळखायला मी शिकवलं होतं, म्हणून मला मॅडम म्हणायचा. मी यीस्टवर संशोधन केलेलं, एका एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. आमच्या छोट्या वर्तुळात माझ्या नाकाचं जरा नाव होतं. लोण्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, बाटलीला ऊन लागल्यावर येणारा उग्र वास, हे बाकीच्यांच्या आधी मला कळायचे.

नाक थकलं की परीक्षक स्वतःच्या बाहीचा वास घेतो. स्वतःचा वास नाकाला शून्यासारखा असतो. तिथून पुन्हा मोजायला सुरुवात करता येते. मी कोपर वाकवून बाहीत नाक खुपसलं. सुती कापड आणि इस्त्रीचा पुसट वास. दूध नव्हतं. मी पुन्हा ग्लास उचलला. दूध होतं.

म्हणजे ते ग्लासात होतं. निदान त्या घटकेला मी असं मानायचं ठरवलं.

तोपर्यंत तो वास मला तीनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा घरी, मेथी निवडताना. गॅस बंद होता आणि घरात दूध नव्हतंच. नंतर कंपनीच्या थंड खोलीत, जिथे काचेच्या नळ्यांशिवाय काही नसतं. मग एकदा सिग्नलला, काचा लावलेल्या गाडीत. दरवेळी तो एकदम यायचा आणि चहाला आधण येईपर्यंतच्या वेळात जायचा. त्याच्यासोबत क्षणभर असंही वाटायचं, की आत्ता जे चाललंय ते सगळं आधी असंच घडून गेलेलं आहे. मग तेही जायचं, आणि मी घामाने भिजलेली असायची.

दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर त्याने ईएनटी डॉक्टरांकडून थेंब आणले असते. आमच्या घरात या वासाला वेगळा अर्थ होता.

माझे वडील साताऱ्याला जिल्हा परिषदेत ओव्हरसियर होते. निवृत्तीनंतरच्या एका पावसाळ्यात ते मधूनच पेपर खाली ठेवून म्हणू लागले, "अगं, कुणीतरी दूध बघा." आई आतून सांगायची, दूध फ्रीजमध्ये आहे. मग ते ओशाळायचे आणि पेपर पुन्हा उचलायचे. काही दिवसांनी परत तेच. घरात त्याची थट्टा होऊ लागली. ताईची मुलं सुटीला आली की दूध बघा, दूध बघा म्हणत एकमेकांच्या मागे पळायची, आणि बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे. गॅस बघितलात का, हे आमचं ठरलेलं उत्तर होऊन बसलं. दिवाळीत फराळाला बसले असताना त्यांच्या हातातली वाटी खाली पडली, आणि ती पडली हे त्यांना कळलंच नाही. मग त्यांना पुण्याला आणलं. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडावर लावली, कानाच्या जरा वर, मेंदूत दिसणाऱ्या गाठीवर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, यांना कधी नसलेले वास यायचे का? आई माझ्याकडे पाहत राहिली.

बाबांनी पुढचा पावसाळा पाहिला नाही. त्यानंतर करपलेलं दूध हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारले नाहीत. खरोखर दूध करपलं तरी आई एवढंच म्हणायची, पातेलं भिजत घातलंय.

मेंदूच्या डॉक्टरांचा, न्यूरॉलॉजिस्टचा, नंबर मी फोनमध्ये घेऊन ठेवला होता. त्यापुढे नाव घालायचा धीर झाला नव्हता. नुसतं 'न' लिहिलं होतं. आधी म्हटलं, कंपनीचं ऑडिट होऊ दे. मग म्हटलं, स्पर्धा होऊ दे. तीन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढू नये, असं मी स्वतःला समजावत होते. एखाद्या विद्यार्थ्याला समजावावं तसं, शांतपणे. आणि रात्री नवरा झोपला की स्वयंपाकघरात जाऊन गॅसची बटणं चाचपून यायची.

"झालं का?" सरपोतदारांनी विचारलं.

तिघांनी पेनं खाली ठेवली. रॉयस्टनने पन्नासपैकी अडतीस दिले होते, सरपोतदारांनी सदतीस. माझा आकडा सव्वीस होता. एवढं अंतर चालत नाही. ज्याचा आकडा वेगळा त्याने कारण सांगायचं आणि मग तिघांनी चर्चा करून जवळ यायचं, अशी पद्धत आहे.

"करपट आहे," मी म्हटलं.

"करपट म्हणजे कसं, मॅडम?" रॉयस्टनने विचारलं. "रबर, लाकूड, साखर?"

तो चिडवत नव्हता. हा प्रश्न मीच त्याला शिकवला होता. परीक्षकाने मोघम बोलू नये, वासाला घरातलं नाव द्यावं.

"दूध," मी म्हटलं. "बुडाला लागलेलं दूध."

इतक्या वर्षांनी ते माझ्या तोंडून निघालं, तेही अनोळखी हॉटेलात, दोन पुरुषांसमोर. आवाज नेहमीसारखाच आला, याचं मला नवल वाटलं.

दोघांनी ग्लास पुन्हा उचलले. मी त्यांचे चेहरे बघत राहिले. रॉयस्टनने डोळे मिटून तीनदा वास घेतला, एक घोट घेऊन तोंडात घोळवला. सरपोतदारांनी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून जरा कोमट होऊ दिला, कारण थंड बिअर वास लपवते. त्या दोघांपैकी एकाने जरी मान डोलावली असती तरी मी तिथल्या तिथे रडले असते.

रॉयस्टन म्हणाला की त्याला केळंच येतंय, फार तर मागे थोडा व्हॅनिला म्हणता येईल. सरपोतदारांनी बराच वेळ घेतला.

"मला नाही येत, बाई," ते म्हणाले. "पण तुम्हाला येतंय म्हणजे असणार. माझं नाक आता पेन्शनवर आहे. घेऊ या आकडा खाली."

आणि त्यांनी पेन उचललं.

मला खरी भीती वाटली ती त्या क्षणी. त्यांना जो वास आलाच नव्हता तो केवळ माझ्या शब्दावर ते कागदावर लिहायला निघाले होते. रॉयस्टननेही पेनाचं टोपण काढलं होतं. या खोलीत मी जे म्हणेन ते खरं ठरणार होतं. मला चूक म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मला तर कुणीतरी तपासायला हवं होतं.

"नको," मी म्हटलं. "तीन ग्लास लावा."

तीन ग्लासांची चाचणी आमच्याकडे नेहमीची. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. कुठल्यात काय हे ओतणाऱ्यालाच माहीत. ग्लासच्या बुडाला नंबर चिकटवलेला असतो. समोरच्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. एरवी ही चाचणी बिअरसाठी असते. मी ती माझ्यासाठी मागत होते, हे त्या दोघांना माहीत नव्हतं.

सरपोतदार पडद्यामागे गेले. दुसरी बिअर म्हणून त्याच गटातली, आम्ही आधी चाखलेली एक निर्दोष बिअर घ्यायची असं ठरलं. ते ओतत होते तोवर रॉयस्टन मला हसवायचा प्रयत्न करत होता. म्हणाला, मॅडम, तुमच्या नाकाचा विमा उतरवा, वसईत माझा चुलत भाऊ एजंट आहे, हप्ता कमी लावून देईल. मी हसले. पाय टेबलाखाली एकमेकांत घट्ट अडकवून बसले होते.

ग्लास आले. तोंडावर कागदी झाकणं होती. मी पहिलं झाकण उचललं. दूध. दुसरं. केळं, लवंग, बाकी काही नाही. तिसरं. दूध.

"मधला वेगळा," मी म्हटलं.

सरपोतदारांनी ग्लास उचलून बुडाचे नंबर पाहिले. "बरोबर."

रॉयस्टनने टेबलावर थाप मारली. माझ्या हातांत ऊब परत आली. तोवर ते गार पडले आहेत हे मला कळलंही नव्हतं. वास बिअरमध्ये होता. माझ्यात नव्हता. मला उठून त्या दोघांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण तीनांतून एक नुसत्या अंदाजानेही बरोबर येऊ शकतो. हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट बाजूला ठेवणं मला कधी जमलं नाही.

"अजून एकदा," मी म्हटलं.

"बाई, जेवणं थांबलीयेत," सरपोतदार म्हणाले. "आत पनीर थंड होतंय, आणि थंड पनीरचा वास ओळखायला तज्ज्ञ लागत नाही."

"एकदाच."

ते माझ्याकडे जरा निरखून पाहत उभे राहिले, मग पडद्यामागे गेले. या वेळी त्यांना जास्त वेळ लागला. ग्लास आले तेव्हा मी बाहीचा वास घेतला आणि सुरुवात केली. पहिल्यात केळं होतं. दुसऱ्याचं झाकण उचललं आणि दूध इतक्या जोराने आलं की मी झटक्याने मान मागे घेतली. त्याच वेळी वाटलं, हे सगळं असंच आधी घडलंय. हे टेबल, रॉयस्टनचं निळं पेन, सरपोतदारांच्या घड्याळाचा जुनाट पट्टा. अर्थात घडलंच होतं, नुकतंच, याच टेबलावर. मी स्वतःला तसं सांगितलं आणि तिसरा ग्लास उचलला. त्यातही दूध होतं.

"पहिला वेगळा," मी म्हटलं. "दूध दुसऱ्यात आणि तिसऱ्यात."

सरपोतदारांनी तिन्ही ग्लासांची बुडं पाहिली. मग तिन्ही ग्लास ट्रेमध्ये ओळीने लावून ठेवले.

"बरोबर," ते म्हणाले. "चला, जेवू."

बिअरचा आकडा आम्ही एकतीसवर आणला. दुपारी गडद बिअरचे दोन गट झाले, कॉफीचे, चॉकलेटचे, जळक्या साखरेचे वास असलेले, आणि मी प्रत्येक वास न घाबरता घेतला. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. मी दोनदा गुलाबजाम घेतले, त्यावरूनही रॉयस्टन काहीतरी बोलला.

संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर निकाल लागला. परीक्षकांचे शेरे बिअरवाल्यांच्या हातात पडले की मग बोलायला मोकळीक असते, तेव्हा नेहमीच थोडी वादावादी होते. त्या गर्दीतून रॉयस्टन एका दाढीवाल्या तरुणाला हाताला धरून माझ्यापर्यंत घेऊन आला.

"हे इंद्रजित थोपटे, भोरचे," तो म्हणाला. "यांची तुमच्याकडे तक्रार आहे."

थोपटेने हातातला कागद पुढे केला. तक्रार नाही मॅडम, म्हणाला, फक्त विचारायचं होतं की हे बुडाला लागल्याचं कुणी लिहिलं. मी म्हटलं, मी. तो मान खाली घालून हसला. मग त्याने जे सांगितलं ते सांगताना तो दोनदा मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते बघत होता. गव्हाचा रस घट्ट, उकळताना भांड्याच्या तळाला धरतो, म्हणून पंपाने सतत फिरवत ठेवावा लागतो. ते जेवायला बसले असताना पंप बंद पडला. लक्षात आलं तोवर रस तळाला लागला होता. त्यांनी वरचा वरचा काढून घेतला, बाकीचा ओढ्यात सोडला.

"वाटलं, निभावलं," तो म्हणाला. "सगळ्यांना पाजली, कुणाला कळलं नाही. माझ्या बायकोला पण नाही, आणि तिला तर शेजारच्या घरचं करपलेलं कळतं."

मी त्याला थँक्यू म्हटलं. गुण कापल्याबद्दल आभार मानणारी परीक्षक त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. तो गोंधळून गेला आणि त्यानेही मला थँक्यू म्हटलं.

मी हिरवळीच्या कडेला, कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. नदीकडून वारा येत होता आणि त्याला नदीचाच वास होता, नेहमीचा, वाईट. मी तो छातीभर घेतला. पर्समधून फोन काढला, 'न' उघडला आणि तो खोडायला बोट खाली नेलं.

तेवढ्यात सरपोतदार चहाचे दोन कप घेऊन आले. दिवसभर बिअर चाखल्यावर त्यांना चहा लागायचा. एक कप त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, थोपटेचं मी ऐकलं. म्हणाले, या वयात मला एवढं तरी कळलं की माझं नाक गेलं आणि तुमचं शाबूत आहे.

मी फार खुशीत होते. नाहीतर त्यांच्याशी असलं काही बोलले नसते.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "मला वाटत होतं तो वास माझ्याच डोक्यात आहे. थोपटे आत्ता भेटला, पण मी सुटले ते दुपारीच. तुमच्या त्या दुसऱ्या चाचणीने."

सरपोतदार कप ओठांपर्यंत नेता नेता थांबले.

"डोक्यात म्हणजे?"

म्हणजे तसं काही नाही, मी म्हटलं, आणि हसत हसत बाबांचं दोन वाक्यांत सांगितलं. संपलेल्या गोष्टीसारखं. ते हसले नाहीत. त्यांनी कप कठड्यावर ठेवला, मग उचलून पुन्हा दुसरीकडे ठेवला.

"बाई, दुसऱ्या वेळी मी थोपटेची बिअर लावलीच नव्हती."

मला ते ऐकू आलं, पण समजलं नाही. 

"तिन्ही ग्लास दुसऱ्या बिअरचे होते. एकाच बाटलीतले," ते म्हणाले. "कारखान्यात आम्ही असं करायचो. मधेच एक कोरी फेरी टाकायची, म्हणजे कुणाचं नाक थकलंय ते कळतं. तुम्ही म्हणाल काही फरक नाही, आणि आपण जेवायला जाऊ, असं मला वाटलं. तुम्ही दोन ग्लासांत दूध दाखवलंत. रॉयस्टन समोर बसला होता, तुमचा विद्यार्थी. मी बरोबर म्हणून टाकलं."

हिरवळीवर कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो.

"नाक थकलंय एवढंच वाटलं मला. हे मी सांगणारही नव्हतो. पण तुम्ही आता त्या फेरीवर भिस्त ठेवताय."

"कुठले दोन?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"दुसरा आणि तिसरा."

दुसऱ्या ग्लासाचं झाकण उचलताना मान कशी झटक्याने मागे गेली होती ते मला आठवलं. त्या ग्लासात एक निर्दोष बिअर होती. केळं, लवंग आणि गहू. थोपटेचा रस खरोखर बुडाला लागला होता, मला तो वास खरोखर आला होता, आणि ज्या ग्लासात तो नव्हता त्यातूनही मला तोच वास आला होता. पहिली गोष्ट खरी निघाली म्हणून दुसरी खोटी होत नव्हती. हे मांडायला मला क्षणही लागला नाही. आयुष्यभर हेच तर केलं होतं. बुडबुड्यांची ती रेघ डोळ्यांसमोर आली.

सरपोतदार म्हणाले, काही नसेलही बाई, पण दाखवून घ्या. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातातला कप बघितला, तो तिरका झाला होता, तो काढून घेतला.

"घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नवरा आहे, कामासाठी नाशिकला गेलाय, परवा येईल. ते म्हणाले, मग मी त्या गेटपाशी बसतो, तुमचं आवरलं की सांगा, आपण रिक्षाने एकत्रच जाऊ. आणि खरोखर जाऊन गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, माझ्याकडे पाठ करून, मला बोलायला एकांत मिळावा म्हणून.

मी 'न'च्या नंबरकडे पाहिलं. संध्याकाळ झाली होती, तिथे आता कुणी फोन उचलला नसता. ही आणखी एक चांगली सबब होती. हाताला सुटलेला घाम मी ओढणीला पुसला आणि ताईला फोन लावला. बाबा गेल्यावर ती साताऱ्याला आईजवळ राहायला आली होती. बाबांच्या त्या दिवसांत त्यांच्याजवळ आम्ही दोघी होतो. ज्याला काही समजावून सांगावं लागणार नाही असं हे एकच माणूस मला होतं.

ताई नेहमीप्रमाणे आधी स्वतःचंच सांगू लागली. आईने चष्मा पुन्हा कुठेतरी ठेवलाय, सकाळपासून शोधतोय, आणि शेवटी मिळणार उशीखालीच. मागे कुकरची शिट्टी झाली. मी तिला बोलू दिलं. तिचा आवाज असाच चालू राहावा, माझी पाळी येऊच नये, असं वाटत होतं.

"तू का गप्प?" ती म्हणाली. "बक्षीस समारंभात बिअर जास्त झाली की काय?"

"ताई," मी म्हटलं, "मला करपलेल्या दुधाचा वास येतो."

"गॅस बघितलास का?" ती पटकन म्हणाली.

सवयीने, तोंडातून निघून गेलं. पलीकडे कुकर पुन्हा शिट्टीला आला होता, तो हळूहळू उतरत गेला. तिने गॅस बंद केला असावा. तिने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा आवाज अगदी खाली आला होता, शेजारच्या खोलीत आई असल्यासारखा.

"कधीपासून गं?"

"इथे गॅस नाहीये, ताई. मी उघड्यावर उभी आहे." गेटपाशी सरपोतदारांची पाठ दिसत होती, ती जराही हलली नाही. मग मी पुढचं वाक्य म्हटलं, एकेक शब्द वेगळा करून, चुकू नये म्हणून.

"मी उद्या सकाळी स्कॅन करून घेणार आहे. तू पहिल्या एसटीने ये."